घानाची पाटी आणि १९६२चा ऑक्टोबर

एमयूएनमध्ये, म्हणजे सहभागी मंडळी देशांचे प्रतिनिधी बनून चर्चा करतात त्या प्रतिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेत, देशांचे वाटप जाहीर झाले तेव्हा माझ्या वाट्याला घाना आला आणि मी मनातून खट्टू झाले. समिती होती ऑक्टोबर १९६२ची सुरक्षा परिषद आणि विषय होता क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रे. अशा समितीत सगळ्यांचा डोळा अमेरिका आणि सोव्हिएत संघावर असतो. उरलेल्यांनी अधूनमधून शांततेचे आवाहन करून खाली बसावे, अशी साधारण समजूत असते. एमयूएनचा मला दोनदा अनुभव होता. पण दोन्ही वेळा विषय चालू घडामोडींचे होते. ऐतिहासिक संकट समितीत वेगळे काय असते, हे मला पहिल्याच सत्रात सर्वांसमक्ष कळले.

अशा समितीला एक गोठवलेली तारीख असते. आमचे घड्याळ २३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होणार होते. आदल्या रात्री अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून क्षेपणास्त्रांची बातमी देऊन क्यूबाभोवती सागरी ‘क्वारंटाइन’, म्हणजे शस्त्रे नेणारी जहाजे अडवण्याचा पहारा, जाहीर केले होते आणि अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने त्याला नुकताच पाठिंबा दिला होता. त्यापुढचे काहीही अजून घडलेले नाही असे धरून बोलायचे. पुढच्या बातम्या आयोजकांचा संकट कक्ष देणार आणि त्या इतिहासाबरहुकूम असतीलच असे नाही. नियम वाचायला सोपा आहे. मी मात्र उठले आणि ठसक्यात म्हणाले, की अमेरिका तुर्कस्तानातील आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्यास तयार होईलच, तेव्हा घानाच्या मते चिंतेचे कारण नाही. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, “घानाच्या प्रतिनिधींना हे कोणी सांगितले?” सभागृहात हशा पिकला. ते आश्वासन राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना २७ ऑक्टोबरच्या रात्री दिले होते, तेही गुप्तपणे. आमच्या घड्याळाप्रमाणे त्याला चार दिवस अवकाश होता.

त्या रात्री मी माझी टिपणे नव्याने लिहायला घेतली. एका कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे २३ तारखेला आक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीला, माहीत असू शकेल ते आणि उजवीकडे उरलेले सगळे. उजवी बाजू भरतच गेली. क्यूबात सुमारे ४०,००० सोव्हिएत सैनिक आहेत, हे तर त्या दिवशी वॉशिंग्टनलाही ठाऊक नव्हते. त्यांचा अंदाज त्याहून बराच कमी होता. मी महिनाभर जे पाठ केले होते त्यातले बहुतेक उजवीकडे गेले, याचे खरेच वाईट वाटले. चीनची पाटी मिळालेल्या मुलाची अवस्था माझ्याहून बिकट होती. त्याने बीजिंगची भूमिका घोटून आणली होती आणि १९६२ साली चीनची जागा तैवानमधील तैपेईच्या सरकारकडे होती. बिचाऱ्याला एका रात्रीत बाजू बदलावी लागली.

डाव्या बाजूला जे उरले त्यात मला कामाची गोष्ट सापडली, ती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमात. तेव्हा परिषदेत ११च सदस्य होते आणि निर्णयासाठी ७ मते लागत. महत्त्वाच्या ठरावावर कायम सदस्यांचा नकाराधिकार चालतो, पण कार्यपद्धतीच्या प्रश्नावर चालत नाही. अमेरिकेचा मसुदा क्षेपणास्त्रे हटवा असे सांगणारा आणि सोव्हिएत मसुदा जहाजांची तपासणी थांबवा असे सांगणारा. दोन्ही मतदानाला आले असते तर दोन्ही पडले असते आणि वाटाघाटींचा दरवाजा तेवढा जोरात आपटला असता. त्या वेळी घाना आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाने (म्हणजे तेव्हाच्या इजिप्तने) प्रत्यक्षात हेच ओळखले होते. प्रभारी सरचिटणीस ऊ थांट यांनी संबंधितांशी बोलावे असा मसुदा त्यांनी मांडला, आणि २५ तारखेला बैठक तहकूब करण्याची सूचनाही त्यांचीच होती.

हाही इतिहास उजव्या बाजूचाच म्हणायचा, पण सनद तर डाव्या बाजूची होती, म्हणून त्या वाटेने जायला मला हरकत वाटली नाही. दुसऱ्या दिवशी अनौपचारिक चर्चेच्या वेळी संयुक्त अरब प्रजासत्ताकाची प्रतिनिधी आणि मी जिन्यात उभ्या राहून मसुदा लिहीत होतो. एका शब्दावर वीस मिनिटे गेली. सोव्हिएत प्रतिनिधीला ‘नाकेबंदी’ हवे होते, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धकृती मानली जाते. अमेरिकेच्या प्रतिनिधीला नेमक्या त्याच कारणासाठी तो शब्द नको होता. शेवटी आम्ही ‘नाकेबंदी’ आणि ‘क्वारंटाइन’ हे दोन्ही शब्द खोडले आणि ‘समुद्रावरील सध्याची परिस्थिती’ असे लिहिले. वाक्य मिळमिळीत झाले, पण दोघांनीही कागद फाडला नाही.

परतलो तोच संकट कक्षाची बातमी आली: काही सोव्हिएत जहाजांनी वेग कमी केला आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीने लगेच आपला मसुदा मतास टाकण्याची मागणी केली. मी त्याआधी तहकुबीची सूचना मांडली आणि ती कार्यपद्धतीची असल्याने तिला नकाराधिकार लागू नाही, हे कलमाच्या क्रमांकासह सांगितले. अध्यक्षांनी नियमावली चाळली आणि मान डोलावली. आम्हा दोघींच्या पाट्या वर होत्याच. रुमानिया आणि सोव्हिएत संघाच्याही गेल्या. मग चिली, व्हेनेझुएला. सहा. आयर्लंडची मुलगी पाटी हातात धरून अमेरिकेकडे पाहत होती. तिने ती वर केली तेव्हा माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

पारितोषिक अमेरिकेला मिळाले, आणि ते योग्यच होते. तो मुलगा फार उत्तम बोलला. पाटी परत करताना तिच्या मागे कोणीतरी अडकवलेली चिठ्ठी दिसली. पहिल्या दिवसाची तारीख आणि वळणदार अक्षर: “आक्रास, अत्यंत गोपनीय. तुर्कस्तानचे आपणांस नेमके कोणाकडून कळले, ते कृपया कळवावे. मॉस्को.”