धुपदाळची पहाट आणि बदकाची पिपाणी

बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीच्या बंधाऱ्यावर असलेल्या धुपदाळला बदकं बघायला जायचं तर डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. नोव्हेंबरातही पाहुणे उतरायला लागतात, पण तेव्हा पाणी ऐसपैस पसरलेलं असतं आणि पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढे दिसतात. मार्च लागला की इकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही संक्रांत झाल्यावर गेलो. मी, माझा मावसभाऊ आणि मामा. मुक्काम हुक्केरीजवळ मामांच्याच मळ्यात.

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेत आर्कान्सा राज्यात असतो आणि तिथे रीतसर लायसन काढून हंगामात बदकांची शिकार करतो. या राज्यात स्टुटगार्ट नावाचं एक भातशेतीचं गाव आहे. तिथे 1936 पासून बदकांना साद घालण्याची जागतिक स्पर्धा भरते, त्यावरून तिकडचं वेड लक्षात येईल. दादाच्या जाकिटाच्या खिशात त्याचा डक कॉल होता. बोटभर लांबीची नळी, एका टोकाला फुंकायचं, आतून बदकाचा आवाज. मामांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “एवढ्याशा पिपाणीला बदकं भुलत्यात व्हय?” तेव्हापासून तिचं नाव पिपाणीच पडलं.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पक्ष्याला पिटाळणं आणि आमिष दाखवणंही येतं. धुपदाळचं पाणी तर घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतं. त्यामुळे पिपाणी पाण्यावर नेलीच नाही. ती वाजली ती मामांच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर. तिथल्या श्रोत्यांत दोन म्हशी आणि एक कुत्रं. कुत्र्याने तेवढी दाद दिली.

मग या वृत्तांतात तिचं काय काम? काम असं की पहाटेच्या थंडीत दादाची पिपाणी जशी रुसते तशीच आमची दुर्बीण आणि कॅमेराही रुसला, आणि तिन्हींचं कारण एकच निघालं. थंडीला उगाच बोल लागतो. खरा त्रास देते ती वाफ, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच तोंडातून येते.

जायचं कसं ते सांगतो. बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घटप्रभा स्टेशन आहे, तिथून धुपदाळ जवळ. निपाणी-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी संकेश्वरला हायवे सोडून हुक्केरीमार्गे घटप्रभा गाठावं. उजाडताना पाण्यावर पोचायचं असेल तर अंधारात निघावं लागतं, आणि हा काळ कारखान्यांच्या गळिताचा. उसाने लादलेले, मागे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने चाललेले असतात. मागे ना लाल दिवा ना चकाकती पट्टी, आणि नदीकाठच्या पट्ट्यात वर धुकं. पक्ष्यांपायी घाई करू नका. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच जवळ मुक्कामाला या. मोटारसायकलवाल्यांना तर माझं हेच सांगणं आहे, कारण हेल्मेटची काचही आतून धुरकट होते.

आम्ही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, फुगवट्याच्या कडेला थांबलो. अशा पहाटे इकडे पारा 12-14 अंशांच्या आसपास असतो. आर्कान्साच्या मानाने ही थंडीच नव्हे, दादा नुसत्या स्वेटरवर होता. पण दव म्हणाल तर गवतातून दहा पावलं चाललं की पँट गुडघ्यापर्यंत ओली. पायात बूट घाला आणि मोज्यांचा एक सुका जोड गाडीत ठेवा.

पहिली अडचण दुर्बिणीची. मामांनी मफलर नाकावरून गुंडाळला होता, आणि दुर्बीण डोळ्याला लावली की ते म्हणायचे, “काय दिसंना गा, धुकंच धुकं.” धुकं पाण्यावर होतंच, पण त्यांना दिसत होतं ते भिंगावरचं. मफलरात कोंडलेला श्वास वरच्या फटीतून निघतो तो थेट भिंगावर. मफलर हनुवटीखाली ओढला आणि धुकं गेलं. टोपी कानावर घ्या, नाक मोकळं ठेवा, आणि दुर्बीण डोळ्याला लावून श्वास सोडताना तो खाली सोडा. भिंग बोटाने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. दवात धूळ मिसळलेली असते, चरे पडतात. मऊ फडका खिशात ठेवा, आणि तोही कोरड्या खिशात.

कॅमेऱ्याचं थोडं निराळं. तिवईवर आभाळाकडे तोंड करून ठेवलेल्या लेन्सवर गवतासारखंच दव पडतं. म्हणून हूड लावून ठेवावा आणि काम नसताना तोंड जमिनीकडे करावं. थंड झालेला कॅमेरा घेऊन तसंच गाडीत बसलात, आत तीन माणसं श्वास सोडताहेत, काचा बंद, तर लेन्स लगेच आंधळी होणार. गाडीत शिरण्याआधी तो बाहेरच बॅगेत घालून चेन लावा आणि अर्धा-पाऊण तास उघडू नका. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

धुकं विरळ झाल्यावर पाणी दिसायला लागलं. सगळ्यात आधी वारकरी, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा, संख्येने भरपूर. मग टिबुकल्या. उथळ कडेला शेकाट्या लाल काटक्यांसारख्या पायांवर. पाणवनस्पतींच्या आडोशाला हळदीकुंकू बदकांची जोडी होती. काळी चोच, तिचं टोक पिवळं, आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन लालभडक ठिपके. एकाने पंख पसरले तेव्हा हिरवी पट्टी चमकली. लांब मध्यावर तलवार बदकं शेपट्या वर करून पाण्यात डोकी खुपसत होती. पलीकडच्या चिखलावर नारिंगी अंगाचे दोन चक्रवाक. हे अभयारण्य ज्यांच्यासाठी नावाजलेलं आहे ते कांड्या करकोचे आम्हाला दिसले ते उडताना, गळे ताणून, कर्कश ओरडत गोकाकच्या दिशेने गेलेले.

इथे दादाने एक मजेची गोष्ट सांगितली. त्याची पिपाणी काढते तो आवाज मॅलार्ड जातीच्या मादीचा. आपण ज्याला क्वॅक-क्वॅक म्हणतो तो मोठा आवाज मादीच काढते, नराचा दबका आणि घोगरा असतो. मॅलार्ड आपल्या भागात क्वचितच. इथे त्या आवाजाशी सगळ्यात जवळचं नातं सांगेल ती हळदीकुंकूची मादी. तलवार बदकाचा नर बारीक शीळ घालतो, अडई नावाचं बदक तर शिट्टीच वाजवतं आणि चक्रवाक भोंग्यासारखा ओरडतो. थोडक्यात, कायदा आडवा आला नसता तरी त्या पाण्यावरच्या बहुतेकांना ही पिपाणी परकीच वाटली असती.

ऊन अंगावर आल्यावर आम्ही मळ्यावर परतलो आणि मामांच्या आग्रहावरून दादाने पिपाणी खोलली. बाहेर नळी. तिच्यात घट्ट बसणारा डट्टा. डट्ट्यावर किंचित वळण दिलेली पन्हळ, तिला टोन बोर्ड म्हणतात. तिच्यावर पातळ प्लॅस्टिकची पारदर्शक रीड, मागच्या टोकाला बुचाच्या तुकड्याने दाबून धरलेली. फुंकलं की रीड त्या वळणावर थडथडते, तोच आवाज. आता फुंकेत वाफ असते आणि लाळ असते. थंड रीडवर वाफ धरली की रीड आणि बोर्ड यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. आधी आवाज चिरका होतो, मग कधी येतो कधी येत नाही, शेवटी नुसती हवा. आपल्याकडच्या थंडीत गोष्ट इथेच थांबते. आर्कान्सात पारा शून्याखाली गेला की त्याच पापुद्र्याचा बर्फ होतो.

दादाचे उपाय सगळे याच एका गोष्टीभोवती फिरतात. पिपाणी कोटावर दोरीला लोंबकळत ठेवायची नाही, आतल्या खिशात अंगाशी ठेवायची, म्हणजे रीड कोमट राहते आणि वाफ कमी धरते. एकीला वापरताना दुसरी उबेला ठेवायची आणि आलटून पालटून काढायची. फुंक गालातून मारायची नाही, पोटातून घशावाटे सोडायची, त्याने लाळ कमी जाते. साद घालून झाली की उलट्या टोकाने एक जोरदार फुंक मारून पिपाणी झटकायची, पाण्याचे थेंब उडून जातात. तरीही अडली तर डट्टा ओढून काढायचा आणि रीडच्या खालून पातळ कागद किंवा दात साफ करायचा दोरा हलकेच सरकवायचा. तो कडक नोट वापरतो. रीड वर उचलायची नाही. एकदा तिला घडी पडली की सूर गेला. रीड कुठवर बसलीय ती खूण आधीच बारीक पेनाने करून ठेवायची, कारण केसभर पुढेमागे झाली तरी आवाज बदलतो.

बर्फ धरलाच तर काखेत धरून किंवा थर्मासमधल्या कोमट पाण्याने सोडवायचा, लायटर लावायचा नाही. प्लॅस्टिकची रीड आचेने वाकडी होते. दोन रीडच्या पिपाणीत दोन्हींच्या मध्येही पाणी बसतं, म्हणून ती एका रीडवालीपेक्षा लवकर चिकटते. नवख्याला वाजवायला मात्र तीच सोपी. आणि गोड कॉफी पिऊन लगेच वाजवायची नाही, साखर रीडवर वाळली की थंडी नसतानाही चिकटणार. शेंगदाण्याचे कण तर त्याहून वाईट. मामा तेव्हा तंबाखू मळत होते. त्यांनी पिपाणी न वाजवता परत केली.

दुपारी घटप्रभेत चहा प्यायला थांबलो तिथे शेजारच्या बाकावर एक सनईवाले बसले होते, पालखीला वाजवून परत निघालेले. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं. दादाने उत्साहाने त्यांना पिपाणी दाखवली आणि वाफेची कथा ऐकवली. त्यांनी रीड उजेडात धरून पाहिली, म्हणाले, “आमचं उलटं की हो.” सनईच्या गळ्याशी दोऱ्याने दोन-तीन जादा पत्त्या, म्हणजे सनईच्या रीड, बांधलेल्या होत्या. त्यातली एक सोडून त्यांनी ओठात धरली, आमच्याशी बोलत बोलत भिजवली, मग नुसत्या पत्तीतून एक बारीक सूर काढून दाखवला. वनस्पतीची पत्ती कोरडी असेल तर कडक राहते, बोलत नाही. तिला ओल लागते, आणि थंडीच्या कोरड्या वाऱ्यात ती सारखी वाळते. प्लॅस्टिकची रीड ओल पीत नाही, म्हणून तिच्यावर पाणी साचतं. दादा तिकडे इतकी वर्षं पिपाण्या वाजवतोय, पण त्याने पहिल्यांदाच कुणाचं तरी मुकाट्याने ऐकून घेतलं. चहाचे पैसे सनईवाल्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पाण्याच्या कडेला खायला-प्यायला काही मिळेल असं धरून चालू नका, भाकरी-चटणी आणि पाणी बरोबर घ्या. कचरा परत आणा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलवायचं नवं खूळ आहे, ते करू नका. अमेरिकेत शिकाऱ्यालाही बदकांसाठी विजेवरचा आवाज लावायला मनाई आहे, तोंडाने वाजवेल तेवढंच. मासे धरणारे काठावर भेटतात, त्यांना विचारा. आज बदकं कुठल्या अंगाला आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. फक्त त्यांच्या जाळ्यांजवळून चालू नका. गडद मातकट कपडे घाला, पांढरा सदरा लांबून दिसतो. सकाळी पूर्वेला पाठ करून उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील.

परतल्यावर दुर्बीण, कॅमेरा आणि कुणाकडे असेल तर सनई-बासरीसुद्धा बॅगेतून काढून रात्रभर सावलीत उघड्यावर ठेवा. डॅशबोर्डवर उन्हात नको, चुलीजवळ नको. लाकडी पिपाणी असेल तर डट्टा आणि नळी वेगळी करूनच ठेवा, ओलीने लाकूड फुगतं आणि सकाळी डट्टा निघत नाही.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर हिडकल जलाशयाचा फुगवटा बघा, तो त्याच नदीवर वरच्या अंगाला आहे. आणि ज्यांना हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस थव्यांनी बघायचे आहेत त्यांनी गदग जिल्ह्यात शिरहट्टी तालुक्यातल्या मागडीच्या तळ्यावर जावं. 2024 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. हे हंस दिवसभर आजूबाजूच्या शेतांत चरायला जातात, त्यामुळे तिथे संध्याकाळी परतीच्या वेळीही थांबा.