खेळाडू घरात हात उचलतो, तेव्हा मंडळाने काय करायचं?

दिवाळी सरली की कोकणात मैदानं जागी होतात. भात कापून झालेल्या मळ्यांत टेनिस बॉल क्रिकेटची पिचं चोपली जातात, रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत कबड्डीची मैदानं आखली जातात, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की लिलावाच्या प्रीमियर लीग सुरू होतात. प्रत्येक स्पर्धेचं पत्रक निघतं. वर देवाचं नाव, मग बक्षिसं, प्रवेश फी आणि तळाला नियम: संघ उशिरा आल्यास षटकं कापली जातील, पंचांशी हुज्जत घालणारा बाद, नशेत मैदानात उतरल्यास संघ बाद, पंचांचा निर्णय अंतिम. यातला एकेक नियम कुठल्या तरी भांडणातून आला आहे.

बायकोला मारणाऱ्या किंवा पोराला फोडून काढणाऱ्या खेळाडूचं काय करायचं, याची ओळ मात्र पत्रकात नसते. म्हणून असं काही कानावर आलं की समितीला दोनच वाटा दिसतात. एक, "घरातला मामला" म्हणून गप्प बसणं. दुसरी, व्हॉट्सॲपवर बोभाटा झाला की घाईघाईने नाव खोडणं. जगातल्या श्रीमंत लीगनी या दोन्ही चुका केल्या, त्याची किंमत मोजली आणि मग नियम लिहिले. ते नियम गावच्या मंडळाला बरेचसे वापरता येतात.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधलं. फेब्रुवारी २०१४मध्ये रे राइस या खेळाडूने अटलांटिक सिटीच्या एका कसिनोत, लिफ्टमध्ये, होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध केलं. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्याची सुनावणी घेतली तेव्हा ती बाईही त्याच खोलीत, त्याच्या शेजारी बसलेली होती. जुलैमध्ये शिक्षा जाहीर झाली: दोन सामने. लोक खवळले, तेव्हा ऑगस्टअखेर नवा नियम आला: पहिल्या वेळी सहा सामने, दुसऱ्या वेळी कायमची बंदी आणि वर्षभराने परतीसाठी अर्ज करायची मुभा. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतलं चित्रीकरण बाहेर आलं. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं आणि लीगने बेमुदत निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ते निलंबन रद्द केलं. राइसने लीगपासून काही लपवलं नव्हतं आणि एकाच कृत्याला दोनदा शिक्षा करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

यात तीन चुका एकावर एक रचल्या आहेत. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याच्या शेजारी बसवून विचारलं. किती सामने, हे आधी लिहिलेलं नसताना शिक्षा ठरवली. आणि व्हिडिओ आल्यावर शिक्षा बदलली, म्हणजे मार तोच, फक्त लोकांना दिसला म्हणून जास्त शिक्षा. गावात व्हिडिओ नसतो. दारामागचं कोणी चित्रीकरण करत नाही. पुराव्याची वाट बघत बसणारी समिती कायमची बसूनच राहील.

म्हणून पहिली गोष्ट: तात्पुरतं बाजूला ठेवणं आणि शिक्षा करणं, या दोन गोष्टी कागदावरच वेगळ्या करा. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने, एनआरएलने, २०१९मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. ज्या गुन्ह्याला ११ वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते, तसा आरोप पोलिसांनी ठेवला की खेळाडू आपोआप बाजूला. त्याहून हलक्या आरोपात, विशेषतः बाई किंवा मूल असेल तर, निर्णय लीगच्या हातात. बाजूला असताना पूर्ण पगार मिळतो, सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. जॅक डी बेलिन या खेळाडूने याविरुद्ध फेडरल कोर्टात दाद मागितली, ती फेटाळली गेली. पण पुढचंही सांगायला हवं. त्याच्या खटल्यात दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि २०२१मध्ये आरोप मागे घेतले गेले. दोन वर्षांहून जास्त काळ तो मैदानाबाहेर होता. बाजूला ठेवणं ही शिक्षा नाही, असं म्हणायचं तर तसं वागावंही लागतं: पैसे कापायचे नाहीत, बदनामी करायची नाही आणि ठरलेल्या मुदतीने फेरविचार करायचा.

अमेरिकेच्या बेसबॉल लीगचं २०१५चं धोरण मला आजवरचं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं वाटतं. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार आणि मुलांवरचा अत्याचार तिघांना मिळून एकच नियम. चौकशी सुरू असताना सात दिवसांपर्यंत पगारी रजा. सात जणांचं मंडळ, त्यात तीन या विषयातले तज्ज्ञ, दोघे खेळाडूंच्या संघटनेचे, दोघे लीगचे; हे मंडळ खेळाडूसाठी समुपदेशन आणि उपचाराचा आराखडा ठरवतं. शिक्षेला कमाल-किमान मर्यादा नाही, आणि कोर्टात दोषी ठरणं ही अटही नाही. अरोल्डिस चॅपमनवर २०१६मध्ये गुन्हाच दाखल झाला नव्हता, तरी तो ३० सामने बाहेर बसला. ट्रेव्हर बाउअरची ३२४ सामन्यांची बंदी लवादाने १९४वर आणली. अपिलाची वाट होती म्हणूनच तो निर्णय टिकला.

आपल्याकडचं उदाहरण २०१८चं. मोहम्मद शमीवर पत्नीने घरगुती हिंसेचे आणि भ्रष्टाचाराचे असे दोन्ही आरोप केले. त्याने ते नाकारले. बीसीसीआयने वार्षिक करार रोखला, पण चौकशी केली ती फक्त भ्रष्टाचाराच्या भागाची. त्यात काही निघालं नाही आणि करार मिळाला. घरातली बाजू कोर्टावर सोडली गेली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, त्यावर बोलायचं कारण नाही. मुद्दा असा की पैशांच्या आरोपासाठी मंडळाकडे विभाग होता, अधिकारी होता, पद्धत होती. घरातल्या आरोपासाठी यातलं काहीच नव्हतं.

आता गावच्या मंडळाकडे येऊ. मंडळाला गुन्ह्याचा तपास करायचा अधिकार नाही. आपल्या स्पर्धेत कोण खेळेल हे ठरवायचा अधिकार मात्र पूर्ण आहे, आणि तो खेळाडूच्या सहीतून येतो. म्हणून नोंदणी अर्जावर, आधारची झेरॉक्स जोडतो तिथेच, हा मजकूर घाला:

"स्त्री किंवा बालकावरील हिंसेबाबत माझ्यावर गुन्हा दाखल झाल्यास, किंवा न्यायालयाने माझ्याविरुद्ध संरक्षण आदेश दिल्यास, मी स्पर्धेतून तात्पुरता बाजूला राहीन. गुन्हा दाखल नसताना तक्रार आल्यास वर्तन समितीचा निर्णय मला मान्य राहील. तक्रारदारावर मी अथवा माझ्या वतीने कोणीही दबाव आणल्यास माझी नोंदणी रद्द होईल."

शेवटचं वाक्य काढू नका. गावात खरा दबाव खेळाडू आणतच नाही. त्याची काकी येते, संघमालक येतो, सरपंचाचा फोन येतो.

वर्तन समिती तिघांची पुरे. किमान एक बाई, एक जण कायदा जाणणारा, आणि तिघांतला एकही त्या खेळाडूच्या भावकीतला, वाडीतला किंवा संघातला नको. छोट्या गावात हे जमत नाही, म्हणून शेजारशेजारच्या तालुक्यांतल्या चार-पाच मंडळांनी मिळून एकच समिती नेमावी. गुहागरच्या खेळाडूचं प्रकरण चिपळूणच्या माणसांनी बघितलं तर निर्णयही नीट होतो आणि निर्णय देणाऱ्यांना पुढच्या शिमग्याला त्याच अंगणात पालखी नाचवायची नसते.

तक्रार आली की तीन दिवसांत तात्पुरता निर्णय द्या. कसोटी एवढीच: असं घडलं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त वाटते का? कोर्टासारखं "संशयापलीकडे" सिद्ध व्हायची गरज नाही, कारण कोणाला तुरुंगात पाठवायचं नाही. खेळाडूचं म्हणणं ऐकाच, लेखी घ्या, पण त्याला एकट्याला बोलावून.

आणि बाईला बैठकीला बोलावू नका. देवळात, मंडळाच्या कार्यालयात, "दोघांना समोरासमोर बसवून मिटवू" ही कोकणातली जुनी सवय या प्रकरणात धोक्याची आहे. चारचौघांत ती "काही नाही, थोडं झालं होतं" म्हणते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि रात्री घरी तिच्याकडून हिशेब घेतला जातो. समितीतल्या बाईने, तिला सोयीचं असेल तेव्हा, तिच्या माहेरी किंवा आणखी कुठे, एकटीला भेटावं. फोन करण्याआधी मोबाइल नवऱ्याच्या हातात नसतो ना, एवढं पाहावं. विचारायचे प्रश्न मोजके: आत्ता घरी जायला भीती वाटते का? गळा कधी दाबला आहे का? मुलांना मारतो का? तुला काय हवं आहे?

गळ्याचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. गळा दाबल्याचे वळ बऱ्याचदा उमटत नाहीत; आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके दिसतात. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. उत्तर "हो" आलं तर सामन्याचं वेळापत्रक विसरा. तिला आधी डॉक्टरांकडे न्या, आणि तिच्या संमतीने ११२ला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला फोन करा.

संरक्षण अधिकारी हे पद २००५च्या घरगुती हिंसा कायद्याने आलं. तुमच्या तालुक्यासाठी कोण नेमलंय, हे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात कळतं. नंबर स्पर्धेआधीच काढून ठेवा. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसेची माहिती कोणीही देऊ शकतं आणि चांगल्या हेतूने देणाऱ्यावर कारवाई होत नाही. अर्ज झाल्यावर न्यायदंडाधिकाऱ्याने पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी, ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून तर मंडळाने "कोर्टाचा निकाल येऊ दे" म्हणत संपूर्ण मोसम काढू नये.

बाईवर राग निघतो तो पैशांवरून आणि संघावरून. एक तर रोख बोली असेल तर खेळाडूची रक्कम कापू नका. त्याला दंड लावला की तो तिच्या घरखर्चातूनच जातो, आणि पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. दुसरं, संघाला लगेच बदली खेळाडू द्या, लिलावात न विकल्या गेलेल्यांतून, त्याच किमतीला. हा नियम नसेल तर उपांत्य फेरीत संघ हरतो आणि सगळी वाडी तिला बोल लावते. गुणपत्रिकेवर फक्त "उपलब्ध नाही" लिहा. कॉमेंटरीवाल्याला कारण कळता कामा नये.

मुलांचं प्रकरण याहून कडक आहे, कारण तिथे मंडळाला गप्प बसण्याची मुभाच नाही. एनएफएलच्याच एड्रियन पीटरसनने २०१४मध्ये आपल्या चार वर्षांच्या मुलाला झाडाच्या फोकाने मारलं. अंगावर जखमा उठल्या. मला लहानपणी अशीच शिस्त लावली गेली, हे त्याचं म्हणणं. संघाने त्याला एक सामना बसवलं, दुसऱ्या दिवशी परत घेतलं, प्रायोजकाने हात काढल्यावर पुन्हा बाहेर ठेवलं. चिंचेचा फोक आपल्यालाही ठाऊक आहे, आणि "आम्ही काय मार न खाता मोठे झालो?" हे वाक्यही. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यात बापाइतकाच १४ वर्षांखालच्या पोरांना कबड्डी शिकवणारा दादाही आला.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ लागू होतं: माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. अध्यक्ष-सचिवांनी हे नीट वाचावं. मुलाला समितीसमोर उभं करून "काय झालं सांग" असं विचारू नका. वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा विचारलं की मुलाच्या सांगण्यात फरक पडतो आणि खटल्यात त्याचाच फायदा घेतला जातो. मूल आपणहून जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून एका कागदावर लिहा आणि फोन लावा. मुलाचं नाव, शाळा, वाडी, काहीही ग्रुपवर जाता कामा नये.

शिक्षा संपल्यावर परत घ्यायचं का? घ्यायचं, पण आपोआप नको. समुपदेशन झाल्याचा कागद, संरक्षण आदेश असेल तर तो पाळल्याची खात्री, आणि समितीतल्या बाईने पुन्हा एकदा एकटीला भेटून विचारलेलं "आता कसं आहे?" या तीन गोष्टी झाल्यावरच पुढच्या लिलावात नाव. आयकॉन खेळाडू, म्हणजे संघाचा चेहरा, म्हणून मात्र नको. बॅनरवर फोटो ही वेगळी गोष्ट आहे, तो मान मंडळ देतं.

एक काम तर याच मोसमात, बैठकीशिवाय होण्यासारखं आहे. पत्रक छापायला टाकाल तेव्हा सामन्यांच्या वेळापत्रकाखाली तीन नंबर घाला: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. स्पर्धेचं पत्रक प्रत्येक घरात पोचतं, आणि महिनाभर स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेलं असतं.