दंड भरला, केस मिटली? ब्रिटनच्या व्हिसाला ते चालत नाही

ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको, विसर्जनात डॉल्बी, बांधावरून भावकीत हाणामारी. तासगाव असो की फलटण, अशा केसमध्ये कोर्टात गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि विसरून जायचं, ही आपली रीत. इकडे ब्रिटनला यायचं असेल तर ती महागात पडते.

त्यात गंमत अशी, की खुद्द ब्रिटनमध्ये जुना गुन्हा 'स्पेंट' होतो, म्हणजे साध्या नोकरीसाठी तो सांगावा लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा कायदा 1974 चा. ऑक्टोबर 2023 पासून मुदती बऱ्याच कमी झाल्या. नुसता दंड असेल तर शिक्षा झाल्यापासून 1 वर्ष. 1 वर्षापर्यंतची कैद असेल तर शिक्षा संपल्यावर आणखी 1 वर्ष, 1 ते 4 वर्षांच्या कैदेला 4 वर्षं, त्याहून मोठ्या कैदेला 7. गंभीर लैंगिक, हिंसक आणि दहशतवादी गुन्ह्यांतली 4 वर्षांवरची शिक्षा मात्र कधीच स्पेंट होत नाही. मोजणी तुरुंगातून सुटल्यापासून नव्हे, पूर्ण शिक्षा संपल्यापासून होते, आणि लोक इथेच चुकतात. 18 महिन्यांची कैद झालेला माणूस लवकर बाहेर आला तरी ते 18 महिने धरायचे, वर 4 वर्षं. एकूण साडेपाच.

दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण तर भलतंच चिवट. दंडाची मुदत 1 वर्ष असली तरी लायसन्सवर शेरा पडतो, त्यामुळे गुन्हा स्पेंट व्हायला 5 वर्षं लागतात. लायसन्सवरचा तो शेरा 11 वर्षं राहतो. पोलिसांच्या संगणकातली नोंद तर माणसाच्या वयाला 100 वर्षं होईपर्यंत. मिरजेहून नर्सिंग करून येणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दवाखाने आणि केअर होममध्ये वरच्या पातळीची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी होते. स्पेंट झालेला गुन्हाही तिथे दिसू शकतो. कैद झाली नसेल आणि गुन्हा गंभीर यादीतला नसेल, तर तो 11 वर्षांनी त्या दाखल्यातून गळतो.

व्हिसा आणि नागरिकत्वाला यातलं काहीच लागू नाही. स्पेंट ही सवलत इमिग्रेशनमध्ये धरतच नाहीत. अर्जात कुठल्याही देशातली शिक्षा, चालू असलेली केस, वाहन चालवतानाचे गुन्हेसुद्धा विचारतात. 12 महिने किंवा जास्त कैद झाली असेल तर व्हिसा नाकारला जातो. छोट्या दंडाने सहसा एवढं बिघडत नाही, तो लपवल्याने बिघडतं. फसवणूक ठरली तर 10 वर्षं दार बंद.

म्हणून आधी आपल्या केसचं काय झालं ते पक्कं करा. लोकअदालतीत तडजोड झाली, असं सगळेच सांगतात. भावकीच्या मारामारीत दोन्ही बाजूंनी कायदेशीर तडजोड केली असेल तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. त्याच लोकअदालतीत गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर ती दोषसिद्धी. वकिलाच्या तोंडी 'मिटलं' वर राहू नका, कोर्टातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा.

आरोग्य, शिक्षण आणि केअरच्या नोकरीच्या व्हिसाला बहुधा पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी लागतो. गेल्या 10 वर्षांत, वयाच्या 18 नंतर, जिथे एकूण 12 महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा. आपल्याकडे तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मागवायचा, फी 500 रुपये. चौकशी तुमच्या पोलीस ठाण्यातून होते, त्यामुळे निकाल लागूनही ठाण्याच्या दप्तरात केस चालू दिसत असेल तर दाखला अडकतो. अर्ज करण्याआधी निकालाची नक्कल ठाण्यात देऊन नोंद दुरुस्त करून घ्या.

नक्कल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर अचूक असल्याचा उल्लेख, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर हवाच.