२०० लिटर

जम्बो सिलेंडरमध्ये ७००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरवर एक पेशंट ठेवला तर साडेअकरा तास पुरतो, १५ वर पावणेआठ तास, आणि हायफ्लो मशीन ६० वर चढवलं की दोन तासांच्या आत खलास. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, हा हिशोब माझ्या डोक्यात जेवतानाही चालू असायचा. धुळे जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याची मॅनिफोल्ड रूम माझ्याकडे होती. मी आयटीआयचा फिटर, कंत्राटी. नावाने कुणी हाक मारत नसे, 'ओ ऑक्सिजनवाले' एवढंच.

मॅनिफोल्ड म्हणजे सिलेंडरच्या दोन रांगा, एक चालू आणि एक राखीव. चालू रांगेचा काटा उतरायला लागला की राखीव उघडायची, पण अगदी हळू. दीडशे किलोचं प्रेशर एकदम सोडलं तर नळी तापते. आणि हे होताना वॉर्डातल्या पाइपचं ४ किलोचं प्रेशर हलता कामा नये. वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला कळूही नये की खाली रांग बदलली. माझ्या शिफ्टमध्ये ते कधी कळलं नाही, हे मी छाती काढून सांगतो. बाकी कारभार विचारू नका. व्हॉल्व घट्ट आहे म्हणून त्याला तेलाचं बोट लावणारे महाभाग होते. ऑक्सिजनला तेल लागलं की भडका होतो, हे शिकल्यासवरल्या साहेबांनाही सांगावं लागायचं.

२१ एप्रिलला नाशिकला टाकी गळून पुरवठा थांबला आणि २२ माणसं गेली. दोनच दिवसांनी विरारला आयसीयूत आग लागली. त्यानंतर आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक मॅनिफोल्ड रूमच्या दारात गोधड्या टाकून झोपायला लागले. टँकर आल्याची बातमी कळली की माझ्याआधी तेच नारळ फोडायचे. व्हॉट्सॲपवर वाचून कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगणारेही तेच. मी चिडायचो. पण पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही म्हणून हातातून काढून घेतली, तर त्या जागी द्यायला माझ्याकडे काय होतं?

जिजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावताना. त्यांचे नवरे आप्पा आमच्याकडे ॲडमिट होते. आप्पांच्या कॉटच्या बाजूच्या टेबलावर सप्तशृंगीचा छोटा फोटो, समोर निरांजन, वात तुपात भिजवून तयार. दरवर्षी चैत्रात नवरा-बायको गडावर पायी जायचे, दोन वर्षं यात्राच बंद. मी म्हटलं, "जिजी, इथं चादरीतसुद्धा ऑक्सिजन भरलेला असतो. ठिणगी पडली तर अख्खा वॉर्ड जाईल." त्या घाबरल्या, माफी मागत राहिल्या. मग भिंतीवरच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

ती ह्युमिडिफायरची बाटली. गॅस कोरडा असतो, नाक-घसा सोलून काढतो, म्हणून पाण्यातून सोडतात. त्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात. जिजींना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाटलीला कुंकवाचं बोट लावलेलं. सिस्टर भडकल्या, इन्फेक्शनचं ऐकवलं. त्यांचं चुकलं नव्हतं. तरी कुंकू पुसायला कुणी गेलं नाही, मीही नाही. मी राउंडला गेलो की जिजींचा प्रश्न ठरलेला, "बुडबुडा येतस ना, भाऊ?" मी म्हणायचो, "येतस, जिजी."

आता खरं सांगायचं तर बुडबुडे फक्त एवढंच सांगतात की नळीतून गॅस जातोय. फुप्फुस तो घेतंय की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. मास्क उशीवर पडला असला तरी बुडबुडे येतच राहतात. हे मी जिजींना सांगितलं नाही.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र. दुसऱ्या दिवशी, १४ मेला, ईदही होती. वॉर्डबॉयच्या घरून शीरखुर्मा येणार म्हणून सगळे त्याला छळत होते. साडेतीनच्या सुमारास शेजारच्या कॉटचा फ्लोमीटर गळतो म्हणून साबणाचं पाणी घेऊन वर गेलो, तर आप्पांच्या कॉटजवळ डॉक्टर ईसीजीची पट्टी बघत उभे. सरळ रेघ. जिजींच्या खांद्यावर हात ठेवून ते दोन शब्द बोलले आणि पुढच्या कॉटकडे गेले. त्या रात्री त्यांना एका जागी थांबणं शक्यच नव्हतं. सिस्टरनी मला डोळ्यानेच खुणावलं, आप्पांचा ऑक्सिजनचा पॉइंट बंद कर. बाहेर पॅसेजमध्ये एक पोरगा छोट्या सिलेंडरवर होता, त्याला हा पॉइंट द्यायचा होता. त्याचा काटा मी येतानाच बघितला होता. आणखी तासभर सहज निघाला असता.

मी नॉबला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. जिजी आप्पांच्या कानाशी वाकून बोलत होत्या. रडत नव्हत्या. खताच्या दुकानाचे पैसे देऊन झाले. घागर आणली. डांगर घरच्याच वेलाचं. लेकीला आखाजीला बोलावलं नाही, फोनवर रडली. विहिरीची मोटर पोराने दुरुस्त केली. असलं एकेक. बुडबुडे चालू, १० लिटरवर. मी शेजारचा फ्लोमीटर काढला, वॉशर बदलला, पुन्हा बसवला, पुन्हा साबण लावून पाहिला. वीसेक मिनिटं गेली असतील.

मग त्या सरळ बसल्या. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आते बंद कर. तुना सिलेंडर उगा रिकामा व्हयी ऱ्हायना."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून. मी आपला त्यांना सांभाळतोय अशा समजुतीत उभा.

पोराला पॉइंट दिला, नव्या बाटलीसकट. जुनी हायपोक्लोराइटच्या बादलीत गेली. आठवड्याने तो पोरगा चालत घरी गेला.

तेव्हा ऑक्सिजन ऑडिटचं खूळ जोरात होतं, रजिस्टरमध्ये लिटरन् लिटर मांडायचा. सिस्टर म्हणाल्या, २० मिनिटांचे २०० लिटर गळतीत दाखव, नाहीतर मेलेल्या माणसाला गॅस कशाला दिला म्हणून विचारतील. मी पेशंटच्या वापरात लिहिले. विचारलं कुणीच नाही. सिस्टरची बदली होऊनही बरेच दिवस झाले, पण भेटल्या की हा विषय निघतोच. त्यांचं म्हणणं एकच: पॅसेजमधल्या पोराचा काटा तासभराचा होता म्हणून तू थांबलास, पाच मिनिटांचा असता तर? मी म्हणतो, तर थांबलो नसतो. त्या म्हणतात, काय माहीत.