आमची वाटचाल : दोन तोंडांची भिंत आणि एक ओळंबा

वाई, सातारा, फलटण, कोरेगाव हा आमचा मूळ पट्टा. पुढे घाट उतरून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंतची कामं येऊ लागली. काम सुरुवातीपासून एकच : जुना दगडी वाडा किंवा घर कोणी विकत घेत असेल, तर सौद्याआधी ते पायापासून आढ्यापर्यंत तपासायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. दुरुस्तीचं कंत्राट आम्ही घेत नाही. तपासणाराच दुरुस्ती करणार असला की भेगा आपोआप रुंद होतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही.

पाटीवर नाव आमचं असलं तरी फर्म उभी राहिली ती भागीदार मिस्त्रींच्या हातावर. पिढीजात गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला; त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडे घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाची जी कामं निघाली, त्यांवर ते होते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती कशा बसल्या हे त्यांनी ढिगाऱ्यात हात घालून पाहिलेलं. अशा भिंतीला बाहेरचं तोंड वेगळं, आतलं वेगळं आणि मध्ये चिपा, गोटे, माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्याने, किंवा वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यानेसुद्धा, तोंडं सुटतात. मधली भर खाली बसत जाते आणि त्यांना बाहेर रेटते. आयएस १३८२८ या भारतीय मानकात उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड सांगितला आहे. चांगले गवंडी मानक येण्याआधीपासून तो घालतच होते. हलक्या कामात नेमका तोच वाचवलेला असतो, कारण लांब दगड काढायला आणि घडवायला महाग.

मिस्त्रींचा पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा दोरीला टांगलेला गोळा, अजून आमच्या पेटीत आहे. लेसरही घेतला, पण अनघड दगडावर लेसरचा ठिपका कधी दगडाच्या पोटावर पडतो, कधी दर्जेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, आणि आकडा इंचभर इकडेतिकडे होतो. ओळंब्याची दोरी भिंतीच्या माथ्यापासून १०० मिमी बाहेर सोडायची. वारा असला तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवायचा म्हणजे झुलत नाही. मग दर ३०० मिमीला दोरीपासून दगडाच्या तोंडापर्यंतचं अंतर घ्यायचं, दर्जेपर्यंतचं नाही. त्याच उभ्या रेषेत आतल्या बाजूनेही तेच करायचं. बहुतेक लोक इथे आळस करतात आणि फक्त बाहेरून मोजतात.

खरं कळतं ते दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवल्यावर. बाहेरचं तोंड फुगलंय आणि आतलं सरळ आहे, म्हणजे तोंडं सुटली. दोन्ही बाजू सारख्याच झुकल्या असतील तर अखंड भिंत कललीय, आणि कारण पायात किंवा छपराच्या रेट्यात शोधायचं. नुसत्या स्वतःच्या वजनावर उभ्या भिंतीचा माथा जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त बाहेर गेला की पायथ्याच्या एका कडेला ताण येतो, आणि मातीच्या सांध्याला ताण घेता येत नाही. दोन फुटी भिंतीला ही हद्द आठ इंच. हा गणिताचा आकडा आहे, राहण्याचा नाही. वर छप्पर आणि मजला असतो. आम्ही दोन इंचांनाच लाल शेरा मारतो आणि कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही.

फुगवटा दिसला की लाकडी हातोडीने ठोकून पाहायचं. सुटलेल्या तोंडाचा आवाज बद्द येतो. मग दर्जेत, दगडात नव्हे, १२ मिमीचं भोक पाडून बारीक कॅमेरा आत घालायचा. पोकळी दिसली तर किती खोल आणि किती लांब, ते नकाशावर मांडायचं. भोक त्याच दिवशी चुन्याने बुजवायचं. सिमेंटने नाही.

यावर उपाय आहे, आणि तो भिंत पाडण्याइतका महाग नाही. साधारण मीटर-मीटर अंतरावर, आलटून-पालटून, एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवलेली ८ मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दगड काढताना घण घालायचा नाही. पहारीच्या टोकाने खालीवर, डावीउजवीकडे हलवत सैल करायचा. घणाचा एक ठोका शेजारचा हातभर भाग उतरवतो.

मधली काही वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग धंदा बसायची पाळी आली, आणि ती दलालांमुळे. आमच्या अहवालात दोषापुढे दुरुस्तीचा अंदाजी खर्च असतो. तो कागद घेऊन गिऱ्हाईक भाव पाडायचं, कधी सौदाच सोडायचं. 'हे लोक सौदे मोडतात' हा शब्द वाईपासून पार सावंतवाडीपर्यंत गेला. वाड्याच्या किल्ल्या दलालाकडे असतात. त्याने 'मालक गावाला गेलेत' म्हटलं की तपासणी खुंटली.

त्याच सुमारास एका शहरी कार्यालयाने तासाभरात तपासणी आणि दोन दिवसांत रंगीत, जाडजूड अहवाल द्यायला सुरुवात केली. नाव लिहीत नाही, धंद्यातले ओळखतील. पद्धत अशी : काँक्रीटचा रिबाउंड हॅमर दगडी भिंतीवर मारायचा, आलेले आकडे तक्त्यात भरायचे, खाली 'बांधकाम सुस्थितीत' आणि सही. हा हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा सांगण्यासाठी आहे. काळ्या दगडावर मारला तर उत्तम आकडा येणारच, कारण काळा दगड टणक आहे! भिंत दगड फुटून पडत नाही. मातीचा सांधा आणि मधली भर यांच्यामुळे पडते. ताप मोजायला इंचटेप लावण्यातला हा प्रकार. अल्ट्रासोनिक लहर भिंतीतून सोडून तिचा वेग मोजतात, त्याचंही तेच : चिपा-मातीच्या भरीतून लहर धड पलीकडे पोचत नाही, पोचली तरी पोकळीला वळसा घालून येते, आणि वेगाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पण गिऱ्हाइकाला यंत्र दिसलं आणि दलालाला होकार मिळाला. आमच्या अहवालात ओळंब्याचे आकडे, हाताने काढलेले छेद आणि पेन्सिलीच्या खुणा. ते पाहून एकजण म्हणाले, 'एवढ्याचे पैसे?'

आणखी एक गोंधळ त्या काळात वाढला. महापालिका तीस वर्षांवरच्या इमारतींचं जे ऑडिट मागते, त्याचाच कागद विकणारे पुढे करू लागले. त्या ऑडिटमध्ये इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ यांतल्या एका वर्गात बसते. म्हणजे पाडा, रिकामी करून दुरुस्त करा, राहून दुरुस्त करा, किरकोळ करा. आज राहणाऱ्यांच्या जिवासाठी ते योग्यच आहे. पण घेणाऱ्याला पुढच्या पाच वर्षांत कुठे किती पैसे जाणार, काय वाचवता येईल आणि कशाला हात लावता येणार नाही, हे त्या वर्गावरून कळत नाही.

त्या काळात फर्म तगली ती एका ताईंमुळे. त्यांच्या मनात भरलेले दोन वाडे आमच्या अहवालावरून त्यांनी सोडले आणि तिसरा कमी भावात घेतला. पुढे त्यांचे भाऊ, नणंदा, परदेशातले भाचे, ज्याला म्हणून जुनं घर घ्यायचं होतं त्याला त्यांनी आधी आमच्याकडे पाठवलं. सोडलेल्या एका वाड्याचं कारण सांगण्यासारखं आहे. भिंती उत्तम होत्या, पण माजघराच्या फरशीवर पहार आपटली की एका कोपऱ्यात घुमायचं. खाली जुनं पेव, धान्य साठवायचं, वर नुसतं फळ्यांचं झाकण आणि त्यावर फरशी. भिंतीचा पाया त्या पेवाच्या काठापासून फूटभरावर. जुन्या वाड्यात पेव, तळघर किंवा राडारोडा टाकून बुजवलेला आड असतोच असं धरून चालावं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. कागदावर ते कुठेच नसतं.

पायासाठी जोत्याला लागून तीन बाय तीन फुटांचा खड्डा घेतो, मुरूम किंवा पक्का दगड लागेपर्यंत. कोपऱ्यात नाही, फुगवट्याखाली नाही, पावसाळ्यात तर नाहीच, आणि त्याच दिवशी थर ठोकून भरायचा. काळी माती लागली तर वाड्याच्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या भेगांचा उलगडा तिथेच होतो. चौकातल्या मोरीत नीळ कालवलेलं २०० लिटरचं पिंप ओतायचं आणि पाणी कुठून, किती वेळाने बाहेर येतं ते पाहायचं. आलंच नाही तर ते जोत्यात मुरतंय.

लाकडाकडे लोक खांब पाहून खूश होतात. खांब बहुधा धड असतो. कुजतं ते भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आणि तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, टेकलेली खांबाची शेवटची वीत. टोच्या, म्हणजे टोकदार लोखंडी सुई, तिरका घालून पाहायचा. अर्धा इंच सहज शिरला तर तुळई गेली समजायची, मग मधला भाग कितीही घणघणीत असो. ओलावा मोजायच्या यंत्रावर २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की बुरशीला अनुकूल झालं. खाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा चालू आहे; जुना भुसा मळकट आणि दबलेला असतो. झाडून ठेवायचं आणि पंधरवड्याने परत पाहायचं.

कडीपाटावरच्या, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्यावरच्या, मातीचं वजन मात्र कोणी धरत नाही. सहा इंच कोरडी माती म्हणजे चौरस मीटरला साधारण २४० किलो. राहत्या घराच्या मजल्यावर माणसं-सामानाचा हिशेबातला भार धरतात तो २०० किलो. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीत नुसती माती तीन टनांच्या वर, भिजली की आणखी. त्यावर भाडेकरूने सिमेंटचा कोबा आणि संडास-बाथरूम केलेलं असलं तर खालचा खण आम्ही आधी टेकू लावून घेतो आणि मगच वर चढतो.

कोकणात आणि गोव्यात गणित बदलतं. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत राहून टणक होतो, पण सच्छिद्र राहतोच. त्याचा शत्रू पागोळीचं उडणारं पाणी. खालचे दोन-तीन थर खरवडल्यासारखे आत गेलेले असतात. सरळ पट्टी लावून खोली मोजायची : नऊ इंची भिंतीत दोन इंच गेले म्हणजे रुंदीचा पाव हिस्सा जवळजवळ गेला आणि भारही मध्यावर राहिला नाही. जांभ्याच्या चिऱ्यात पांढरट-पिवळ्या मातकट गाठी असतील आणि टोच्या त्यांत रुतत असेल तर तो चिरा बदलायचाच. छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर ते १८६५ नंतरचं, कारण मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला तोच त्या वर्षी. 'तीनशे वर्षांचं मूळ छप्पर' असं कोणी सांगत असेल तर एक कौल उलटून खालचा छाप वाचावा.

आणि सिमेंट. भिंतीच्या खालच्या चार फुटांना ताजा सिमेंट गिलावा आणि वर महागडा रंग दिसला की समजावं, लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा क्षार) झाकलाय. ओल दगड-मातीतून वर चढते, चुन्यातून बाहेर निघून जाते. सिमेंटमुळे कोंडून आणखी वर, तुळईच्या टोकापर्यंत जाते. हातभर गिलावा काढून बघायची परवानगी लेखी घ्या. विकणारा नाही म्हणाला तर भिंतीनेच उत्तर दिलं असं समजा.

कोणी विचारलं नाही तरी आम्ही सांगतो : तपासणीचे पैसे घर विकत घेणाऱ्यानेच द्यावेत, दलालाकडून किंवा विकणाऱ्याकडून आलेल्या तपासनीसाला नमस्कार करावा. इसार पावतीत अहवालानंतर सौदा सोडण्याची मुभा आणि तेवढी मुदत लिहून घ्यावी. जमलं तर वाडा दोनदा पाहावा, मे महिन्यात आणि ऐन पावसात. भेगेवर गिलाव्याचे दोन ठिपके देऊन काचपट्टी चिकटवून ठेवावी. मधल्या काळात तडकली तर भेग जिवंत आहे. सामाईक भिंतीपलीकडचा वाडा पाडून तिथे बांधकाम निघणार आहे का, याची चौकशी नगरपालिकेत करावी, कारण शेजारचा खड्डा तुमच्या पायाखालची माती नेतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हद्द प्रतिबंधित आणि पुढची २०० मीटर नियंत्रित असते. तिथे साध्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. सौदा झाल्यावर हे कळलं तर वाडा तसाच पडून राहतो.

हल्ली त्या शहरी कार्यालयाचे अहवाल घेऊन लोक आमच्याकडे येतात, 'एकदा तुम्हीही बघा' म्हणून. बघतो. फी पूर्ण घेतो. आमच्या अहवालाची मुदत पुढच्या पावसाळ्यापर्यंत, आणि ते पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. त्यानंतर तोच कागद दाखवून कोणी वाडा विकत असेल, तर आमच्या सहीचा त्याच्याशी संबंध नाही.