किमोनोमागचा कागद

जपानी पोशाख किमोनो सगळेच बघतात, पण मला त्यावर नक्षी उठवणारे कागदी स्टेन्सिल, म्हणजे कातागामी, जास्त आवडतात. तुतीच्या सालीचा वाशी, म्हणजे जपानी हातकागद घ्यायचा, पर्सिमन फळाच्या रसाने थरावर थर चिकटवायचे, धुरी द्यायची, मग कोरायचं, आणि कोरलेल्या भोकांतून कापडावर तांदळाची खळ लावली की तिथे रंग चढतच नाही. जपानच्या इसे भागातलं शिरोको हे ठिकाण यासाठी फेमस, नाजूक नक्षी हलू नये म्हणून मध्ये रेशमी धागे घालायचे, काय पेशन्स असेल यार! 19व्या शतकाच्या शेवटी हे कातागामी ढिगाने युरोपात गेले, एकट्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या म्युझियमकडे हजारो आहेत. आर्ट नूवो या त्याच काळातल्या युरोपियन सजावटी शैलीच्या वॉलपेपरवरची सपाट पानंफुलं, लाटा बघा, लगेच कनेक्शन दिसतं. कोरणारे मात्र बहुतेक निनावीच राहिले, ते जरा खटकतं.