समेपर्यंत पोचायला एक आवर्तन

स्मरणिकेसाठी लिही असा शाळेतून फोन आला तेव्हा मला आधी आठवली ती गायनाच्या बाईंची पेटी. हॉलच्या कोपऱ्यात, वर खाकी खोळ, आणि कोमल निषादाची पट्टी दाबली की वर यायलाच तयार नसायची, बाई करंगळीने ती उचलायच्या आणि गाणं चालूच राहायचं.

मी आठवीत होते, 1992 चं गॅदरिंग. ऋतूंवरच्या नृत्यनाटिकेत मी वर्षा झाले होते आणि आठ दिवस आधी जिन्यात पाय मुरगळला. पायाला क्रेप बँडेज, घुंगरू दप्तरात, आणि मी हॉलच्या पायरीवर बसून रडतेय. बाई म्हणाल्या, "घरी जायचं नाही हं. नाच तुला पाठ आहे ना, मग इथे पेटीजवळ बस आणि कुठे चुकतंय ते सांग."

बसले. तिसऱ्या कडव्यानंतर मुली रांगेतून गोलात यायच्या आणि दर वेळी समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मागे पडायच्या, सगळे त्यांनाच ओरडत होते. मी पायानेच मोजून बघितलं, एकदोनतीनचार पाचसहासातआठ, आणि म्हटलं, बाई, त्या चुकत नाहीयेत, त्यांना एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, कमी पडतोय. "मग तेवढ्यात काय वाजवू? तूच सांग." मी आठ मात्रांचं काहीतरी गुणगुणले, बाईंनी पेटीवर धरलं, आणि मुली बरोब्बर समेवर गोलात! माझी पहिली चाल ती.

त्या दिवशी बाईंनी मला रविशंकरांची गोष्ट सांगितली. तोवर मला वाटायचं की ते जन्मापासूनच सतार घेऊन बसलेले असणार. पण 1930 मध्ये दहा वर्षांचे असताना ते पॅरिसला गेले आणि पुढे थोरले भाऊ उदयशंकर यांच्या ट्रूपमध्ये चक्क नाचायचे, आणि हे उदयशंकर म्हणजे 1923 मध्ये आना पावलोवासारख्या बॅलेरिनाबरोबर 'राधाकृष्ण' केलेले. पुढे सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेब ट्रूपबरोबर युरोपात गेले, तिथे त्यांनी या पोराला बजावलं की शिकायचं तर बाकी सगळं सोडून ये. आणि अठराव्या वर्षी, टाळ्या, परदेश, सगळं सोडून तो मैहरला खाँसाहेबांकडे शिकायला गेला की हो! मला हे आजही फार मोठं वाटतं. नंतर मुंबईत, अंधेरीला इप्टा या नाट्यसंस्थेच्या मंडळींबरोबर राहून त्यांनी बॅलेलाच संगीत दिलं, म्हणजे नाच सुटला असं तरी कसं म्हणायचं. आपण 26 जानेवारीला मैदानावर म्हणायचो ते 'सारे जहाँ से अच्छा', त्याची ही चालही त्यांचीच, 1945 ची. आधी ते संथ, रडवेलं म्हटलं जायचं, त्यांनी त्याला चालता ठेका दिला. कवायतीत आपले पाय आपोआप उचलायचे ना, ते उगाच नाही, नाचलेल्या माणसाची चाल आहे ती.

नाच मी नंतर कॉलेजपर्यंत केला, मग गुडघ्याने साथ सोडली. आता वीसेक वर्षं एकांकिकांना आणि नृत्यनाटिकांना संगीत देते. अजूनही चाल लावताना आधी उभी राहते, खोलीभर चालून बघते, मगच की-बोर्डला हात लावते. बाईंनी त्या आठ मात्रांचं नोटेशन माझ्या भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं होतं, खाली तारीख आणि त्यांची सही. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाला येताना ते पान आणतेय, पेटी असली तर खोळ काढून ठेवा.